झेड-स्कॅनमध्ये डायचा एन२ दर वेळी वेगळा का येतो?

झेड-स्कॅन म्हणजे लेसरच्या नाभीतून नमुना पुढे-मागे सरकवत अपर्चरमधून (लहान छिद्रातून) येणारा प्रकाश मोजायचा आणि त्यावरून एन२, म्हणजे तीव्रतेसोबत अपवर्तनांक किती बदलतो तो गुणांक, काढायचा. त्यातली तक्रार ठरलेली असते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा डीपीएसएस (डायोडने चालणारा घन-अवस्था) लेसर, एक लेन्स, १ मिलिमीटरचा क्युव्हेट, मायक्रोमीटरवर सरकणारे स्टेज, अपर्चर आणि फोटोडायोड अशी मांडणी. इथेनॉलमध्ये क्रिस्टल व्हायोलेट किंवा मॅलॅकाइट ग्रीनसारखा डाय (रंगद्रव्य) विरघळवला की आधी शिखर, मग दरी असा देखणा वक्र मिळतो. सूत्रात आकडे घातले की एन२ उणे १०^-८ चौ.सेमी/वॅटच्या घरात निघतो. आठवड्याने तेच द्रावण पुन्हा मोजले तर उत्तर दुप्पट, लेन्स बदलली तर आणखी तिसरेच. पुण्यातल्या कॉलेजांत एम.एस्सी.च्या चौथ्या सत्रात प्रकल्प सुरू झाले की ही तक्रार हमखास ऐकू येते. मग स्टेजला, लेसरला किंवा डायच्या शुद्धतेला दोष दिला जातो. तिथे चुका असतातच, त्यांच्याकडेही येऊ. पण मुख्य कारण वेगळे आहे: सतत चालणाऱ्या लेसरने मोजलेला हा आकडा रेणूचा अरेषीय गुणधर्म नसून द्रावणाच्या तापण्याचा परिणाम असतो, आणि तापण्याला एन२च्या सूत्रात बसवले की उत्तर हलणारच.

आधी कागदावर हिशेब

लेन्सवर शलाकेची त्रिज्या १ मिमी आणि लेन्सचे नाभीय अंतर १५० मिमी धरा. नाभीवरची त्रिज्या म्हणजे तरंगलांबी गुणिले नाभीय अंतर, भागिले (π गुणिले लेन्सवरची त्रिज्या). ती सुमारे २५ मायक्रॉन येते. रॅली अंतर झेड०, म्हणजे नाभीपासून जेवढ्या अंतरावर शलाकेचे क्षेत्रफळ दुप्पट होते ते, येते सुमारे ३.७ मिमी. लेसरची शक्ती २० मिलिवॅट असेल तर नाभीवरची तीव्रता साधारण २ किलोवॅट/चौ.सेमी.

आता कार्बन डायसल्फाइड घ्या. शेक-बहाए, सैद आणि व्हॅन स्ट्रायलंड यांनी १९८९ मध्ये झेड-स्कॅन मांडला तेव्हापासून हाच द्रव तुलनेसाठी वापरतात. पिकोसेकंद स्पंदांनी मोजलेला त्याचा एन२ सुमारे ३ × १०^-१४ चौ.सेमी/वॅट आहे. हा आकडा २ किलोवॅट आणि १ मिमी जाडीसाठी वापरला तर कलाबदल (प्रकाशलहरीच्या फेजमधला फरक) निघतो सुमारे ७ × १०^-७ रेडियन. फोटोडायोडवरचा नेहमीचा गोंगाट याच्या हजारो पट असतो. म्हणजे या मांडणीत रेणूचा इलेक्ट्रॉनिक प्रतिसाद दिसणेच शक्य नाही. जो वक्र दिसतो तो दुसऱ्या कशाचा तरी आहे.

तो उष्णतेचा आहे, हेही आकड्यांत मांडता येते. शलाकेने तापलेला द्रव स्वतःच लेन्ससारखा वागतो, ती ‘उष्ण लेन्स’. उष्ण लेन्सचा कलाबदल थीटा = शोषलेली शक्ती × तापमानासोबत अपवर्तनांक बदलण्याचा दर ÷ (उष्णतावहन गुणांक × तरंगलांबी). इथेनॉलसाठी तो दर सुमारे उणे ४ × १०^-४ प्रति केल्विन आणि उष्णतावहन गुणांक ०.१६७ वॅट/मीटर-केल्विन. द्रावण १०% प्रकाश शोषत असेल तर २० पैकी २ मिलिवॅट आत राहतात आणि थीटाचे मूल्य येते ९ रेडियन. म्हणूनच २० मिलिवॅटवर पडद्यावर वलये उमटतात. ज्या सूत्राने तुम्ही एन२ काढता ते कलाबदल १ रेडियनपेक्षा बराच कमी असेल तरच लागू होते. ९ रेडियनला ते लावणे म्हणजे सुरुवातीपासून चुकीच्या जागी उभे राहणे.

खात्री करून घेण्याच्या तीन चाचण्या

पहिली चाचणी लेन्स बदलण्याची, आणि आमच्या मते सर्वांत निर्णायक हीच आहे. १५० मिमीऐवजी १०० मिमीची लेन्स लावा, बाकी काही हलवू नका. नाभीवरची त्रिज्या १७ मायक्रॉनवर येते आणि तीव्रता २.२५ पट वाढते. खरा केर परिणाम, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेनेच थेट अपवर्तनांक बदलणे, असता तर शिखर-दरीतला फरकही तितकाच वाढला असता. उष्ण लेन्सच्या सूत्रात मात्र शलाकेची त्रिज्या कुठेच नाही, फक्त शोषलेली शक्ती आहे. त्यामुळे शिखर-दरीतला फरक जवळपास तेवढाच राहतो, आणि वाढलेल्या तीव्रतेने भागल्यावर एन२ २.२५ पट कमी निघतो. तेच द्रावण, तोच लेसर, पण स्थिरांक बदलला. दोन गटांचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, याचे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते.

याच स्कॅनमध्ये आणखी एक खूण सापडते. शिखर आणि दरीतले अंतर मोजा. केर परिणामात ते १.७ झेड० असते, स्थिर अवस्थेतल्या उष्ण लेन्समध्ये सुमारे ३.५ झेड०. १५० मिमीच्या लेन्सवर हे अनुक्रमे ६.३ आणि १२.८ मिमी होतात, म्हणजे साध्या मायक्रोमीटरवरही फरक स्पष्ट कळतो. नाभीवरची त्रिज्या मात्र चाकूधार पद्धतीने प्रत्यक्ष मोजलेली हवी: शक्ती १०% वरून ९०% वर जायला लागणारे अंतर भागिले १.२८. स्वस्त लेसरची शलाका आदर्श गॉसियन नसते, त्यामुळे सूत्राने काढलेल्या त्रिज्येवर विसंबू नका.

दुसरी चाचणी द्रावकाची. अपवर्तनांकाचा दर भागिले उष्णतावहन गुणांक हे गुणोत्तर इथेनॉलसाठी पाण्याच्या सुमारे १४ पट आहे, कारण पाण्याचा दर उणे १ × १०^-४ आणि वहन गुणांक ०.६ आहे. तोच डाय पाण्यात घेऊन ५३२ नॅनोमीटरवरचे शोषण तेवढेच ठेवले आणि संकेत दहा-पंधरा पटींनी पडला, तर रेणूविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही. इथे सांद्रता नव्हे, शोषण जुळवायचे आहे, कारण पाण्यात अनेक डायचे रेणू जोडीने चिकटतात आणि वर्णपटच बदलतो.

तिसरी वेळेची. क्युव्हेट दरीच्या जागी, म्हणजे नाभीपासून १.७३ झेड० पुढे ठेवा आणि शलाका चॉपरने, म्हणजे खाचा असलेल्या फिरत्या चकतीने, तोडा. अपर्चरमागचा संकेत ऑसिलोस्कोपवर पाहा. उष्णतेचा कालस्थिरांक म्हणजे त्रिज्येचा वर्ग भागिले चौपट उष्णताविसरण गुणांक. इथेनॉलमध्ये २५ मायक्रॉनला तो १.८ मिलिसेकंद, आणि दरीच्या जागी त्रिज्या दुप्पट असल्याने सुमारे ७ मिलिसेकंद. चॉपरची खिडकी (खाच) उघडताच संकेत पूर्ण उंचीवर जाऊन मग काही मिलिसेकंदांत हळूहळू खाली येताना दिसला, की निदान पक्के. इलेक्ट्रॉनिक प्रतिसाद असता तर हा उतार या वेगाने दिसलाच नसता.

चॉपर घरी बनवत असाल तर एक चूक टाळा. हळू फिरणाऱ्या पुठ्ठ्याच्या चकतीची कड २ मिमीची शलाका ओलांडायलाच पाच-सहा मिलिसेकंद घेते आणि जे पाहायचे तेच पुसले जाते. तपकीर गल्लीत मिळणारी ६०० आरपीएमची डीसी मोटर घ्या, चकतीला समोरासमोर दोनच खाचा ठेवा आणि शलाका केंद्रापासून ५ सेमीवर जाऊ द्या. कड ०.६ मिलिसेकंदात ओलांडते आणि खिडकी २५ मिलिसेकंद उघडी राहते. मोटर वेगळ्या पायावर बसवा, ऑप्टिकल टेबलवर नको.

द्रावण

शक्ती १ मिलिवॅट आणि शोषण १०% ठेवले तर थीटा सुमारे ०.४५ येतो. त्याहून वर जाऊ नका. १ मिमीमध्ये १०% शोषण म्हणजे शोषणांक ०.०४६. एवढा लहान आकडा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर नीट वाचता येत नाही. म्हणून तेच द्रावण १० मिमीच्या क्युव्हेटमध्ये भरून ५३२ नॅनोमीटरवर शोषणांक ०.४६ येईपर्यंत पातळ करत जा आणि मग १ मिमीच्या क्युव्हेटमध्ये घ्या.

ऱ्होडामाइन ६जी घेत असाल तर प्रमाण सोपे आहे. ४.८ मिलिग्रॅम १० मिलिलिटर इथेनॉलमध्ये विरघळवले की १ मिलिमोलरचे मूळ द्रावण होते. त्यातले ४० मायक्रोलिटर १० मिलिलिटरपर्यंत वाढवले की ४ मायक्रोमोलर, आणि ५३० नॅनोमीटरजवळच्या त्याच्या प्रचंड शोषणामुळे एवढ्यातच हवे ते १०% मिळतात.

पण ऱ्होडामाइन ६जी आणि क्रिस्टल व्हायोलेट यांची तुलना करताना थांबा. समान शोषणावर क्रिस्टल व्हायोलेटचा संकेत ऱ्होडामाइनच्या जवळपास दहापट येतो आणि अहवालात ‘क्रिस्टल व्हायोलेटची अरेषीयता दहापट’ असे छापले जाते. खरे कारण प्रतिदीप्तीत आहे. इथेनॉलमधल्या ऱ्होडामाइन ६जीची क्वांटम कार्यक्षमता सुमारे ०.९५ आहे. शोषलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम दहावा भाग उष्णतेत जातो, उरलेली प्रकाश म्हणून बाहेर पडते. क्रिस्टल व्हायोलेट, मॅलॅकाइट ग्रीन आणि बहुतेक अझो डाय इथेनॉलसारख्या पातळ द्रावकात जवळपास सगळे शोषण उष्णतेत बदलतात. हा फरक नीट वापरला तर याच मांडणीवर प्रतिदीप्तीची कार्यक्षमता काढता येते, आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तो एन२पेक्षा कितीतरी प्रामाणिक विषय आहे.

सांद्रता वाढवली की एन२ सरळ रेषेत वाढतो, हा आलेखही पुरावा म्हणून दाखवला जातो. सांद्रता वाढली की शोषण वाढते आणि शोषण वाढले की तापणे वाढते. या रेषेतून त्यापलीकडे काही सिद्ध होत नाही.

क्युव्हेट काचेचा किंवा क्वार्ट्झचाच घ्या, झाकणासह. एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या खोलीत उघड्या १ मिमीच्या क्युव्हेटमधले इथेनॉल भराभर उडते आणि स्कॅन संपेपर्यंत सांद्रता वाढलेली असते. पॉलिस्टायरीनचा क्युव्हेट क्लोरोफॉर्म किंवा डीएमएफसाठी चालत नाही, तो विरघळतो. द्रावण ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई सिरिंज फिल्टरमधून गाळा. धुळीचा एक कण नाभीतून गेला तरी वक्रावर सुई उमटते.

वक्र वाकडा येतो तेव्हा

टोके १ वर परतत नाहीत, ही सर्वाधिक येणारी अडचण. बहुतेक मायक्रोमीटर स्टेजचा प्रवास २५ मिमी असतो, म्हणजे नाभीच्या दोन्ही बाजूंना १२.५ मिमी. १५० मिमीच्या लेन्सवर उष्ण लेन्सचे शिखर आणि दरीच ६.४ मिमीवर येतात, त्यामुळे स्टेज संपते तरी संकेत अजून पायथ्याला आलेला नसतो. तरीही शेवटच्या बिंदूला १ मानून भागाकार केला की सगळे आकडे सरकतात. अडचण कमी करणारे उपाय दोन: १०० मिमीची लेन्स वापरा, जिथे झेड० १.७ मिमी असतो आणि त्या मानाने १ मिमीच्या नमुन्याची जाडी अजूनही कमीच ठरते. किंवा स्टेज ऑप्टिकल रेलवर बसवून ४० मिमीपर्यंत दोन्हीकडे जा. मधल्या १५ मिमीत अर्धा-अर्धा मिमी, त्यापलीकडे २ मिमीची पायरी पुरते. १० मिमीचा क्युव्हेट या कामाला अजिबात नको.

प्रत्येक पायरीवर किमान १ सेकंद थांबून मगच वाचन घ्या. शिखर-दरीच्या जागी संकेत अंतिम मूल्याच्या १ टक्क्यात यायला सुमारे ०.७ सेकंद लागतात. घाईने सरकवलेल्या स्कॅनमध्ये शिखर आणि दरी वेगवेगळ्या उंचीची येतात.

अपर्चरजवळचा ठिपका वरून चपटा दिसत असेल तर द्रवात संवहन सुरू झाले आहे. तापलेले द्रव वर चढते आणि उष्ण लेन्सचा वरचा भाग ओढला जातो. शक्ती कमी करणे हाच उपाय. थीटा ०.५च्या आत असताना हे सहसा दिसत नाही.

क्युव्हेट किंचित तिरका असेल किंवा त्याच्या भिंती समांतर नसतील तर सरकताना ठिपका अपर्चरवरून घसरतो आणि वक्राला एक उतार लागतो. यासाठी नुसत्या द्रावकाचा स्कॅन त्याच क्युव्हेटमध्ये, त्याच बाजूने तोंड करून घ्या आणि नमुन्याचा स्कॅन त्याने भागा. क्युव्हेटच्या एका कोपऱ्यावर मार्करने खूण केली की बाजू चुकत नाही.

उघड्या अपर्चरच्या, म्हणजे सगळा प्रकाश गोळा करणाऱ्या, स्कॅनमध्येही पुसटशी शिखर-दरी दिसते? मग अपर्चर खऱ्या अर्थाने उघडे नाही. नाभीपासून १ मीटरवर शलाकेची त्रिज्या ६.८ मिमी, म्हणजे व्यास साडेतेरा मिमीच्या पुढे असतो आणि उष्ण लेन्समुळे तो आणखी फुगतो. २५ मिमीची गोळा करणारी लेन्स तिथे कडा कापते. ५० मिमी व्यासाची घ्या किंवा तीच लेन्स नमुन्याजवळ आणा. ऱ्होडामाइनसारखा चमकणारा डाय असेल तर फोटोडायोडपुढे ५३२ नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावा, नाहीतर प्रतिदीप्तीही मोजली जाते.

बंद अपर्चरसाठी पारगम्यता ०.२ ठेवायची असेल तर १ मीटरवर छिद्राचा व्यास सुमारे ४.५ मिमी हवा. तपकीर गल्लीत सहज मिळणारा बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड वापरायला हरकत नाही, मात्र त्याचे क्रियाशील क्षेत्र ३ मिमीपेक्षा कमी रुंदीचे आहे. अपर्चरमागे ५० मिमी नाभीय अंतराची लेन्स लावल्याशिवाय निम्म्याहून जास्त प्रकाश वाया जातो, आणि ठिपका हलला की संकेतही हलतो. ९ व्होल्टचा उलटा बायस आणि १० किलोओहमचा रोध दिला तर १ मिलिवॅटच्या शलाकेला अर्ध्या व्होल्टच्या आसपास संकेत मिळतो. २० मिलिवॅटवर हाच डायोड ९ व्होल्टला टेकतो आणि शिखराचा माथा सपाट होतो. सपाट माथ्याला कुणी अरेषीय शोषण समजू नये.

लेसर आणि खोली

स्वस्त हिरव्या डीपीएसएस लेसरमधून ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाशही निसटतो. डाय हिरवा शोषतो, अवरक्त सरळ जातो, आणि सिलिकॉन डायोडला ८०८ तर हिरव्यापेक्षाही जास्त दिसतो. लेसरच्या तोंडाशी अवरक्त अडवणारी बीजी३९ काच लावा. प्रकाश कमी करायला काळी शोषक एनडी काच वापरत असाल तर ती स्वतःच तापून लेन्स बनते. परावर्तक एनडी घ्या, किंवा अर्धतरंग पट्टिका आणि ध्रुवक.

लेसर अर्धा तास चालू ठेवून मगच काम सुरू करा. आतल्या डायोडचे तापमान बदलले की शक्ती उड्या मारते, आणि दुपारी खोली तापत असताना हे जास्त जाणवते. लेन्सच्या आधी काचपट्टी ठेवून थोडा प्रकाश दुसऱ्या डायोडवर घ्या आणि दोन्हींचे गुणोत्तर नोंदवा. एवढ्याने अर्ध्या तक्रारी मिटतात. छताचा पंखा बंद करा. त्याच्या झोताने १ मीटरच्या वाटेत शलाका थरथरते. ट्यूबलाइटची १०० हर्ट्झची लहर ऑसिलोस्कोपवर दिसत असेल तर दिवे घालवा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची शक्यता असते, त्या दिवशी लांबलचक स्कॅन लावू नका. लेसर पुन्हा चालू झाल्यावर स्थिती तीच राहत नाही.

१ मिलिवॅटवर काम असले तरी १०० मिलिवॅटचा लेसर हा ३बी वर्गातला आहे. ५३२ नॅनोमीटरसाठीचा चष्मा लावूनच जुळवाजुळव करा, आणि काचपट्टीचे परावर्तन कुठे जाते ते आधी पाहा.

मग अहवालात काय लिहायचे

उष्ण लेन्स म्हणूनच विश्लेषण करा. लहान अपर्चर आणि स्थिर अवस्थेत शिखर-दरीतला फरक सुमारे १.०५ गुणिले थीटा असतो; ०.४०६ गुणकाचे केर सूत्र इथे वापरू नका. थीटावरून तापमानासोबत अपवर्तनांक बदलण्याचा दर काढा. डाय न चमकणारा असेल तर इथेनॉलसाठी तो उणे ४ × १०^-४ च्या जवळ यायला हवा. आला तर तुमची मांडणी, त्रिज्या, शक्तिमापक आणि शोषण सगळे एकाच वेळी तपासून झाले. नाही आला तर आधी शक्तिमापक पाहा, कारण थीटाच्या सूत्रात सरळ जाते ती शक्तीच. एन२ छापायचाच असेल तर ‘उष्ण, सतत लेसर’ हे शब्द आकड्याशेजारी लिहा, आणि त्रिज्या, शक्ती, शोषण, द्रावक हे चारही द्या. त्यांच्याविना तो आकडा दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही.

रेणूचा खरा प्रतिसादच हवा असेल तर स्पंदित लेसर लागतो, आणि तोही विचारपूर्वक. ८० मेगाहर्ट्झचा फेमटोसेकंद लेसर घेतला की स्पंदांतले अंतर १२.५ नॅनोसेकंद, मिलिसेकंदांत थंड होणाऱ्या द्रावणाला तो सततच वाटतो, उष्णता साचत जाते. १ किलोहर्ट्झलाही स्पंदांतला १ मिलिसेकंद वरच्या १.८ मिलिसेकंदांपेक्षा कमीच पडतो. ज्या संस्थेत वेळ मागाल तिथे १० हर्ट्झच्या आसपास चालवता येईल का, हे आधी विचारा. तरंगलांबी डायच्या शोषणपट्ट्यापासून लांब निवडा. १० हर्ट्झचा नॅनोसेकंद एनडी-याग लेसर असेल तर ध्वनिलहर २५ मायक्रॉन ओलांडायला इथेनॉलमध्ये सुमारे २२ नॅनोसेकंद घेते, म्हणून ७ नॅनोसेकंदांच्या स्पंदात घनता पुरती बदललेली नसते. पण त्या काळात उत्तेजित पातळीत रेणू साचतात आणि त्यांचे शोषण बीटामध्ये, म्हणजे दोन फोटॉनांच्या शोषणाच्या गुणांकात, मिसळते. स्पंदाची ऊर्जा बदलत बीटा मोजा. ऊर्जेसोबत बीटा सरकत असेल तर ते दोन फोटॉनांचे शोषण नाही.

स्कॅन संपला की क्युव्हेटमधल्या त्याच द्रावणाचा वर्णपट पुन्हा घ्या. शोषणांक २ टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर डाय प्रकाशाने विरला आहे. ते वाचन बाजूला ठेवा, ताजे द्रावण भरा आणि शक्ती निम्मी करा.